शेअर दिसतो, पण परवानगी मिळत नाही: एसएमबी आणि एनएफएस एकत्र असलेल्या नॅसवरील ओळख-पडताळणीचे समस्या निवारण

लक्षणे

एकाच नॅसवरील (नेटवर्कवरच्या सामाईक साठवण-यंत्रावरील) एकच फोल्डर विंडोजवाल्यांना एसएमबीने आणि लिनक्स मशीनना एनएफएसने (या दोन्ही नेटवर्कवरून फायली वाटण्याच्या पद्धती) दिलेले असते आणि दोन्हीकडे कोण कोण आहे हे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (वापरकर्ते आणि संगणक यांची विंडोजची मध्यवर्ती नोंदवही) ठरवते. अशा मांडणीत पुन्हापुन्हा उद्भवणारा दोष पुढीलपैकी एखाद्या रूपात समोर येतो.

विंडोजवरून फोल्डर व्यवस्थित उघडते, मात्र लिनक्सवर ते माउंट झालेले (जोडले गेलेले) असूनही आत शिरताना 'परमिशन डिनाइड' मिळते. लिनक्सवर यादी काढली की प्रत्येक फाइलचा मालक 'नोबडी' किंवा ६५५३४ दिसतो. लिनक्सवर तयार झालेल्या फाइलची सिक्युरिटी टॅब विंडोजवर उघडली की मालकाच्या नावाच्या जागी 'एस-१-२२-१' ने सुरू होणारा क्रमांक असतो. विंडोज पुन्हापुन्हा पासवर्ड मागतो आणि बरोबर पासवर्डही नाकारतो, पण नावाऐवजी आयपी पत्ता टाकला की तोच शेअर मुकाट्याने उघडतो. दिवसभर चाललेले काम रात्री मध्येच अडते. नव्या गटात घातलेल्या व्यक्तीला फोल्डर दिसतच नाही. आणि सर्वांत जास्त दूरध्वनी ज्यासाठी येतात तो प्रकार म्हणजे, वीज जाऊन आल्यानंतर नॅस चालू दिसते, पण कोणालाही आत घेत नाही.

ठाण्यातील वागळे इस्टेट आणि नवी मुंबईतील रबाळे, महापे, तुर्भे या औद्योगिक पट्ट्यातील मध्यम आकाराच्या कार्यालयांत ही मांडणी सर्रास आढळते. आरेखन विंडोजवरील कॅडमध्ये होते, विश्लेषण किंवा रेंडरिंग लिनक्सवर चालते आणि फायली दोघांच्या सामाईक असतात. बहुतेक ठिकाणी संगणक सांभाळणारा माणूस एकच असतो आणि त्याच्याकडे प्रिंटरपासून सीसीटीव्हीपर्यंत सर्व काही असते. हे टिपण त्याच्यासाठी आहे.

तपासणीपूर्वी दोन गोष्टी टाळाव्यात

'परवानगी नाकारली' हा निरोप खरा असला तरी त्याचे मूळ बहुधा परवानग्यांत नसते. समोर आलेली व्यक्ती कोण आहे, हेच नॅसला नीट उमगलेले नसते. म्हणून घाईत सर्व फायलींना ७७७ (सर्वांना सर्व अधिकार) देऊन टाकू नये. त्याने दोष बरा होत नाही, आधीच्या परवानग्या मात्र कायमच्या पुसल्या जातात आणि पगाराचे फोल्डर सर्वांना खुले होते ते निराळेच. दुसरे म्हणजे नॅस डोमेनमधून (डिरेक्टरीच्या कक्षेतून) काढून पुन्हा जोडण्याची घाई करू नये. पुन्हा जोडताना मशीनच्या खात्याचा पासवर्ड बदलतो, जुन्या कीटॅब (ओळखीच्या किल्ल्या साठवणाऱ्या) फायली निकामी होतात, एनएफएससाठी डिरेक्टरीत नोंदलेले सेवानाव (सेवेची ओळख) गळून पडू शकते, आणि वापरकर्त्यांना क्रमांक देणारी स्थानिक नोंद पुसली गेली तर कालच्या फायली आज परक्या होतात. हा उपाय यादीच्या तळाचा आहे. दुर्दैवाने तो सर्वांत आधी केला जातो.

बिघाड नेमका कोणत्या बाजूला आहे

ही पाहणी फुकट आहे आणि पुढचा निम्मा शोध वाचवते. एसएमबीने आलेल्या माणसाची ओळख नॅस स्वतःच्या डोमेनमधील मशीन-खात्याच्या आधारे पटवते. साध्या एनएफएसमध्ये मात्र लिनक्स मशीन माणसाचे आणि त्याच्या गटांचे केवळ क्रमांक पाठवते, आणि त्या क्रमांकांचा माणूस कोण, हे नॅस एलडॅपमार्फत (डिरेक्टरीला विचारणा करण्याच्या पद्धतीने), बहुधा वेगळ्या सेवा-खात्याने, विचारून घेते. म्हणजे एसएमबी चालू आणि एनएफएस बंद असेल तर संशय एलडॅप, सेवा-खाते किंवा क्रमांकांच्या जुळणीवर घ्यावा. एनएफएस चालू आणि एसएमबी बंद असेल तर कर्बेरॉस (तिकिटांवर चालणारी ओळख-पडताळणी), सेवानाव किंवा मशीन-खाते पाहावे. दोन्ही एकाच वेळी बंद पडले असतील तर घड्याळ, डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) किंवा डोमेन कंट्रोलर (डिरेक्टरी चालवणारा सर्व्हर) यांच्यापलीकडे सहसा जावे लागत नाही. एकाच माणसाला अडचण असेल तर नॅसला हात लावण्याआधी त्या माणसाचे खाते पाहावे.

आयपी पत्त्याने शेअर उघडतो आणि नावाने उघडत नाही, ही माहितीही मोलाची आहे. आयपी पत्ता वापरला की विंडोज सहसा कर्बेरॉस सोडून जुन्या एनटीएलएम पद्धतीकडे वळतो. म्हणजे पासवर्ड ठीक आहे, खाते ठीक आहे, दोष कर्बेरॉसच्या साखळीत आहे. काही कार्यालये हाच कायमचा उपाय समजून सर्वांच्या ड्राइव्ह आयपी पत्त्यावर वळवून मोकळी होतात. पुढे सुरक्षेसाठी एनटीएलएम बंद केले जाते, तेव्हा एका सकाळी सर्वांचे काम एकदम थांबते.

पहिली तपासणी: लॉग ऑफ, लॉग ऑन आणि थोडा धीर

विंडोजवर माणसाची गटांची यादी लॉग ऑन होतानाच ठरते आणि कर्बेरॉसच्या तिकिटासोबत फिरते. पास काढून झाल्यावर वाढवून घेतलेले स्थानक जसे जुन्या पासावर उमटत नाही, तसेच हे आहे: गटात नाव आत्ता घातले असले तरी हातातले तिकीट जुनेच असते. मशीन नुसते लॉक करून उघडल्याने भागत नाही, पूर्ण लॉग ऑफ करावे लागते. लिनक्सच्या बाजूला एसएसएसडी आणि नॅसवर विनबाइंड (डिरेक्टरीतून वापरकर्त्यांची माहिती आणणाऱ्या सेवा) हेही जुनी माहिती काही काळ धरून ठेवतात. तिथे कॅशे रिकामी करण्याची आज्ञा द्यावी आणि मगच पुढचा निष्कर्ष काढावा.

वीज जाऊन आली असेल तर आधी सुरू होण्याचा क्रम पाहावा. नॅस लवकर उठते, डोमेन कंट्रोलरला वेळ लागतो. तो व्हर्च्युअल मशीन असेल तर आणखी जास्त. उठल्याबरोबर नॅसला कंट्रोलर सापडला नाही तर काही यंत्रणा स्वतःहून पुन्हा विचारण्यास बराच वेळ घेतात. डोमेन कंट्रोलरवर लॉग ऑन होता येते याची खात्री करून मग नॅसवरील केवळ डोमेन सेवा पुन्हा सुरू करावी. पावसाळ्यात हे वारंवार होत असेल तर नॅस काही मिनिटे उशिरा सुरू होईल अशी व्यवस्था यूपीएसमध्ये किंवा नॅसच्याच सेटिंगमध्ये करावी.

दुसरी तपासणी: घड्याळ

कर्बेरॉस तिकिटावरील वेळ आणि यंत्राची वेळ यांतील फरक साधारणपणे ५ मिनिटांपर्यंतच चालवून घेतो. त्यापुढे तो पासवर्ड बरोबर असूनही नकार देतो, आणि लॉगमध्ये 'क्लॉक स्क्यू टू ग्रेट' अशी ओळ पडते. नॅस, डोमेन कंट्रोलर आणि अडलेले मशीन या तिन्हींची वेळ एकाच क्षणी पाहावी.

येथे एक सापळा आहे आणि तो आपल्याकडे हमखास सापडतो. नॅसचा टाइमझोन यूटीसीवरच (जागतिक प्रमाणवेळेवरच) राहिलेला असतो. पडद्यावरची वेळ चुकीची दिसते म्हणून कोणीतरी टाइमझोन न बदलता काटेच पुढे सरकवतो. आता पडद्यावरची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी तंतोतंत जुळते, पण यंत्राच्या हिशेबी यूटीसी साडेपाच तास पुढे गेलेली असते, आणि कर्बेरॉस पाहतो ती यूटीसीच. म्हणून वेळ तपासताना ती यूटीसीमध्ये काढून पाहावी. लिनक्सवर 'डेट -यू' हे काम करते. दिसणारी वेळ बरोबर आहे एवढ्यावर समाधान मानू नये.

दुरुस्ती हाताने करू नये. नॅसला डोमेन कंट्रोलरकडूनच वेळ घ्यायला लावावे, आणि ज्या कंट्रोलरकडे पीडीसी एम्युलेटरची (डोमेनला वेळ पुरवणारी) भूमिका आहे तेवढ्यानेच बाहेरच्या विश्वसनीय वेळ-सर्व्हरकडे पाहावे. कंट्रोलर व्हर्च्युअल मशीन असेल तर तो होस्टकडूनही वेळ उचलत नाही ना, हे पाहणे आवश्यक आहे; दोन ठिकाणांहून वेळ आली की ती पुढेमागे होत राहते आणि दोष येतो-जातो असा भास होतो.

तिसरी तपासणी: डीएनएस

नॅसच्या नेटवर्क सेटिंगमध्ये पहिला डीएनएस डोमेन कंट्रोलरचा आणि दुसरा इंटरनेट राउटरचा किंवा ८.८.८.८ असा बाहेरचा असेल तर दोष बहुधा तिथेच आहे. डोमेनमध्ये कर्बेरॉस आणि एलडॅप कुठे आहेत हे एसआरव्ही नोंदींवरून कळते आणि त्या नोंदी फक्त आतल्या डीएनएसकडे असतात. कंट्रोलर क्षणभर उशिरा बोलला की नॅस दुसऱ्याला विचारते, तो 'असे नावच अस्तित्वात नाही' असे ठाम उत्तर देतो, आणि नॅस ते अंतिम मानते. उत्तर न येणे आणि नकारार्थी उत्तर येणे यांत फरक आहे. नकार मिळाल्यावर आणखी कुणाला विचारले जात नाही. दुसरा डीएनएस हवा असल्यास तो दुसऱ्या डोमेन कंट्रोलरचाच द्यावा. दुसरा कंट्रोलर नसेल तर ती जागा रिकामी ठेवावी, आणि इंटरनेटवरील नावे आतल्या डीएनएसमार्फतच पुढे पाठवावीत.

डोमेनचे नाव '.लोकल' ने संपत असेल तर लिनक्सवर आणखी एक भानगड होते. अनेक वितरणांत '.लोकल' नावे आधी मल्टिकास्ट डीएनएसकडे (आसपासच्या यंत्रांना थेट विचारणाऱ्या पद्धतीकडे) जातात आणि तिथे सापडली नाहीत की शोध संपतो. 'एनएसलुकअप' बरोबर उत्तर देतो, कारण तो थेट डीएनएसला विचारतो, पण बाकी सर्व कार्यक्रम अडतात. नावे कुठे शोधायची ते ठरवणाऱ्या एनएसस्विच फाइलमधील होस्ट्सच्या ओळीत डीएनएसचा क्रमांक आधी लावल्यास हे सुटते.

नॅसची उलटी नोंद, म्हणजे आयपी पत्त्यावरून नाव देणारी पीटीआर नोंद, जुनी राहिलेली नाही ना, हेही पाहावे. लिनक्सवरील कर्बेरॉस मूळ सेटिंगमध्ये उलट्या नोंदीतून आलेले नाव धरतो आणि भलत्याच सर्व्हरचे तिकीट मागत बसतो.

चौथी तपासणी: एलडॅपचे सेवा-खाते

दीड महिन्याच्या अंतराने एनएफएस बंद पडते आणि एसएमबी मात्र ठणठणीत असते, असे सांगणारा कोणी भेटला तर पुढचे ऐकण्याआधी सेवा-खात्याचा पासवर्ड पाहावा. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या मूळ धोरणात पासवर्डची कमाल मुदत ४२ दिवस आहे, आणि एलडॅपला विचारणा करणारे खाते साध्या वापरकर्त्याप्रमाणे बनवले असेल तर तेही त्याच नियमात येते. एसएमबी चालू राहते, कारण ते मशीन-खात्यावर अवलंबून आहे आणि त्याचा पासवर्ड नॅस स्वतःच बदलत असते.

नॅसच्या लॉगमध्ये एलडॅपचा त्रुटी क्रमांक ४९ दिसला की त्याच ओळीत पुढे 'डेटा' या शब्दानंतरचा संकेत वाचावा, कारण खरे उत्तर तिथे असते. ५२ई म्हणजे पासवर्ड चुकीचा, ५३२ म्हणजे पासवर्डची मुदत संपली, ५३३ म्हणजे खाते बंद केलेले, ७७३ म्हणजे पासवर्ड बदलणे सक्तीचे, आणि ७७५ म्हणजे खाते लॉक झालेले. ७७५ असेल तर खाते नुसते उघडून थांबू नये. जुना पासवर्ड धरून बसलेले दुसरे यंत्र शोधावे, नाहीतर ते खाते थोड्याच वेळात पुन्हा लॉक होईल.

त्रुटी क्रमांक ८ आला आणि अधिक बळकट पडताळणी हवी असा निरोप असेल, तर कंट्रोलरवर स्वाक्षरीची सक्ती झाली आहे आणि नॅस अजून ३८९ पोर्टवर साध्या पद्धतीने बोलत आहे. कंट्रोलरवरची सक्ती काढू नये. नॅस ६३६ पोर्टवरील सुरक्षित एलडॅपवर न्यावे, प्रमाणपत्र देणाऱ्या मूळ प्राधिकरणाचे प्रमाणपत्र नॅसवर चढवावे आणि कंट्रोलरचा उल्लेख प्रमाणपत्रावरील पूर्ण नावानेच करावा, आयपी पत्त्याने नव्हे. प्रमाणपत्राची मुदत दिनदर्शिकेत नोंदवून ठेवावी.

पाचवी तपासणी: क्रमांक जुळतात का

सर्वांत किचकट आणि सर्वांत जास्त वेळ खाणारी जागा हीच आहे. अडलेल्या एका वापरकर्त्याचे नाव घेऊन लिनक्स मशीनवर 'आयडी' ही आज्ञा द्यावी आणि आलेला यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक) कागदावर लिहावा. मग नॅसवर, तिच्या कमांड लाइनवरून किंवा वापरकर्त्यांच्या पडद्यावरून, त्याच नावाचा क्रमांक काढावा. दोन्ही वेगळे असतील तर परवानग्या कितीही बदलल्या तरी उपयोग नाही, कारण एनएफएसच्या दृष्टीने ही दोन निराळी माणसे आहेत.

असे का होते ते समजून घ्यावे. विंडोजकडे यूआयडी नसतो, एसआयडी (विंडोजचा स्वतःचा लांब ओळख-क्रमांक) असतो, आणि एसआयडीवरून यूआयडी बनवण्याची प्रत्येकाची रीत वेगळी आहे. एसएसएसडी स्वतःच्या गणिताने २००००० पासून पुढचे क्रमांक देतो. सांबाचा (लिनक्सवर एसएमबी पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) विनबाइंड आरआयडी पद्धतीत वेगळे गणित करतो, आणि टीडीबी पद्धतीत तर जो आधी येईल त्याला पुढचा क्रमांक देतो, म्हणजे दोन सर्व्हरवर एकाच माणसाचे क्रमांक जुळण्याची काही हमीच नाही. मूळ सेटिंग तशीच ठेवून एका बाजूला एसएसएसडी आणि दुसऱ्या बाजूला विनबाइंड लावला तर विसंगती ठरलेली.

माझ्या मते टिकाऊ मार्ग एकच आहे. क्रमांक अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतच लिहावेत आणि सर्वांनी तिथूनच वाचावेत. त्यासाठी १९९८ च्या आरएफसी २३०७ या इंटरनेट-दस्तऐवजातील यूआयडी-नंबर आणि जीआयडी-नंबर (गटाचा क्रमांक) ही गुणवैशिष्ट्ये डिरेक्टरीत आधीपासून आहेत. विंडोज सर्व्हर २०१६ पासून वापरकर्त्याच्या पडद्यावरील युनिक्स अ‍ॅट्रिब्यूट्सची टॅब नाहीशी झाल्यामुळे ती सोयच गेली असा गैरसमज आहे. व्ह्यू मेनूतील अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स चालू केल्यावर अ‍ॅट्रिब्यूट एडिटरमध्ये ती दिसतात. क्रमांक भरताना माणसाच्या प्राथमिक गटालाही जीआयडी द्यावा, हे राहून जाते. त्यानंतर एसएसएसडीमधील स्वतः क्रमांक बनवण्याची सोय बंद करावी, नॅसवर विनबाइंडला एडी पद्धत लावावी आणि दोन्हीकडच्या कॅशे रिकाम्या कराव्यात. जुन्या फायली अर्थातच जुन्या क्रमांकांच्या नावावर राहतात. त्यांची मालकी बदलणे हे वेगळे काम आहे.

क्रमांक जुळत असूनही 'नोबडी' दिसत असेल तर एनएफएसची आवृत्ती पाहावी. आवृत्ती ४ मध्ये नाव आणि डोमेन मिळून ओळख जाऊ शकते, आणि आयडीमॅपच्या फाइलमधील डोमेन दोन्हीकडे अक्षरशः एकच असावे लागते. ते दुरुस्त केल्यावर लिनक्सवर 'एनएफएसआयडीमॅप -सी' देऊन जुनी नोंद पुसावी.

एकाच वरिष्ठ व्यक्तीला एखादेच फोल्डर उघडत नाही आणि कनिष्ठांना ते उघडते, असा विचित्र प्रकार असेल तर त्या व्यक्तीचे गट मोजावेत. साध्या एनएफएसमध्ये लिनक्स मशीन विनंतीसोबत जास्तीत जास्त १६ पूरक गट पाठवते. जो प्रत्येक प्रकल्पात असतो त्याचा सतरावा गट वाटेतच गळतो. गट स्वतः एलडॅपवरून शोधण्याची सोय नॅसमध्ये असेल तर ती चालू करावी, नसेल तर गट कमी करावेत.

सहावी तपासणी: सेवानावे, किल्ल्या आणि तिकिटांची मुदत

नॅसला टोपणनाव दिले असेल, म्हणजे डीएनएसमध्ये सीनेम नोंद करून सोपे नाव वापरात आणले असेल, तर त्या नावाचे सेवानाव डिरेक्टरीत नोंदलेले असावे लागते. विंडोजवर 'सेटएसपीएन -एल' ने नॅसच्या खात्यावरील नावे दिसतात आणि 'सेटएसपीएन -एक्स' ने दोन खात्यांवर पडलेली तीच नावे सापडतात. एकच सेवानाव दोन खात्यांवर असले की तिकीट कोणत्या किल्लीने बांधायचे हे कंट्रोलरला ठरवता येत नाही. जुनी नॅस बदलून नवी बसवताना जुने खाते तसेच पडून राहिले, तर हे घडते.

कर्बेरॉससह एनएफएस वापरत असाल तर कीटॅबमधील किल्लीचा आवृत्ती-क्रमांक डिरेक्टरीतील क्रमांकाशी जुळतो का ते पाहावे. किल्ली फक्त आरसी४ (जुन्या सांकेतिकीकरणाच्या) प्रकारची असेल तर एईएस (नवे सांकेतिकीकरण) चालू करावे. मात्र खात्यावर नुसती खूण करून भागत नाही, त्यानंतर पासवर्ड नव्याने द्यावा लागतो, कारण एईएसची किल्ली पासवर्ड बदलतानाच तयार होते. मग कीटॅबही नवी काढावी.

रात्री थांबणाऱ्या कामांचे उत्तर येथेच आहे. तिकिटाची मूळ मुदत १० तासांची असते. सकाळी लॉग ऑन करून संध्याकाळी लावलेले विश्लेषण रात्री तिकिटाविना राहते आणि पुढची फाइल लिहिताना अडते. अशा कामांसाठी माणसाचे खाते वापरू नये. वेगळे सेवा-खाते, त्याची कीटॅब आणि तिकीट आपोआप नव्याने घेण्याची व्यवस्था करावी.

सातवी तपासणी: आता परवानग्या

इथवर सर्व जुळले असेल तरच परवानग्यांकडे वळावे. एका फोल्डरवर परवानगीची भाषा एकच असावी, विंडोजच्या एसीएलची (कोणाला काय करता येईल याच्या यादीची) किंवा युनिक्सच्या मोडची. जिथे लिहिणारे बहुसंख्य विंडोजवर आहेत तिथे एसीएल ठेवावी आणि लिनक्सवरून 'सीएचमॉड' करू देऊ नये. काही नॅसमध्ये मिश्र शैलीचा पर्याय असतो. त्यात ज्याने शेवटी परवानगी बदलली त्याची शैली त्या फाइलला लागते. मी तो पर्याय कुठेही सुचवत नाही.

कुठे थांबावे आणि तज्ज्ञाला बोलवावे

डोमेन कंट्रोलर जुन्या स्नॅपशॉटवरून परत आणला असेल किंवा दोन कंट्रोलरमधील प्रतिकृती अडलेली असेल तर नॅसवर काहीही करू नये. दोष डिरेक्टरीचाच आहे आणि चुकीच्या क्रमाने केलेली दुरुस्ती तो पसरवते. लाखो फायलींची मालकी बदलायची वेळ आली आणि परवानग्यांसकट घेतलेला बॅकअप नसेल तर थांबावे. दोन डोमेन किंवा दोन कंपन्यांच्या डिरेक्टऱ्या एकमेकींवर विश्वास ठेवून जोडलेल्या असतील, तर ते काम अनुभवी माणसाचेच आहे. सेवा-खाते अनोळखी पत्त्यावरून वारंवार लॉक होत असेल तर तो बिघाड नसून घुसखोरीचा प्रयत्न असू शकतो. अशा वेळी लॉग पुसू नयेत आणि यंत्र बंदही करू नये, फक्त नेटवर्कपासून तोडावे. नॅस निर्मात्याच्या देखभाल करारात असेल तर कमांड लाइनवरून आतील फायली बदलण्याआधी त्यांना विचारावे, कारण काही करारांत तसे केल्यास मदत नाकारली जाते.

बोलावलेल्या माणसाला पाच गोष्टी तयार द्याव्यात: एका अडलेल्या वापरकर्त्याचे नाव, त्याचे मशीन, एसएमबी की एनएफएस, अडल्याची मिनिटापर्यंतची वेळ, आणि त्या मिनिटाच्या नॅस व डोमेन कंट्रोलर या दोन्हींच्या लॉगमधील ओळी. त्याआधीच्या आठवड्यात काय काय बदलले, विशेषतः विंडोजचे अपडेट, बदललेला राउटर आणि नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांची बंद केलेली खाती, हेही सांगावे. एलडॅपची विचारणा अशाच एखाद्या बंद खात्याच्या नावाने चाललेली असणे मुळीच दुर्मीळ नाही.